जिथं थांबला तिथली ओळ

वर्ध्याजवळच्या आंजी गावात कुणाची शिलाई मशीन टाके सोडू लागली की निरोप सुलोचनाबाईंकडे जातो. हे काम त्यांना कुणी शिकवलं नाही. लग्नात मिळालेली मशीन तिसऱ्याच वर्षी अडली, तेव्हा त्यांनी ती चादरीवर सगळी उघडून मांडली आणि दोन दिवस नुसती पाहत राहिल्या. त्यांचे यजमान किसनराव शेतातून आले की चादरीला वळसा घालून जेवायला बसत. तिसऱ्या दिवशी मशीन चालू झाली. एक स्क्रू मात्र उरला. तो कुठला, हे कळायला महिना लागला, पण तोवर बाईंनी मशीनचा पिच्छा सोडला नाही.

कॉम्प्युटरचं वेड लागलं ते पन्नाशीजवळ. लॉकडाउनमध्ये त्यांची भाची गुंजन पुण्याहून येऊन आठ महिने त्यांच्याकडे राहिली. ती दिवसभर लॅपटॉपवर काम करायची आणि शेजारी गहू निवडत बसलेली आत्या विचारायची, "हे काऊन दाबलं व?" परत जाताना गुंजनने आपला जुना लॅपटॉप आत्याला देऊन टाकला. वर्षभरात बाईंनी त्यावरची ऑपरेटिंग सिस्टीम दोनदा पुसून दोनदा नवी टाकली. दुसऱ्यांदा तर काही बिघडलंही नव्हतं. पहिल्यांदा घाईत काय काय निसटलं ते त्यांना नीट बघायचं होतं.

म्हणूनच यंदा दिवाळीनंतर गावच्या वाचनालयात कॉम्प्युटर आला आणि अडला, तेव्हा तिथलं काम बघणारे प्रभाकरराव थेट त्यांच्या दारात आले.

"वर्ध्याहून माणूस बोलावला होता. म्हणते, बोर्ड गेला, भंगारात द्या."

"बोर्ड गेला हे त्याले कसं समजलं?"

"नवीन सिस्टीम टाकून राह्यला होता. अर्ध्यात अडकते. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा अडकलं."

"अन् आधी? जिथून आणला तिथं चालत होता?"

"तिथं तर चांगला चालत होता म्हणे. देताना आतलं सगळं पुसून देल्लं, बस."

सुलोचनाबाईंनी हातातलं तेलाचं बुधलं खाली ठेवलं. कालपर्यंत चालणारा बोर्ड आज नवी सिस्टीम टाकताना कसा जाईल? जाईलही कदाचित. पण तिन्ही वेळा?

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून त्या वाचनालयात गेल्या. सोबत नवी सिस्टीम भरलेला पेनड्राइव्ह होता, पेचकस होता आणि मशीनच्या दुरुस्त्या लिहायची वही होती. पेनड्राइव्ह लावून त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर चिन्ह आलं, त्याखाली छोटं वर्तुळ फिरू लागलं. फिरता फिरता ते थांबलं.

खरंच अडकला की आत काही करतोय? गुंजनने सांगितलेली खूण त्यांना आठवली. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबायचं. दिवा लागला तर यंत्र जागं आहे. त्यांनी दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही.

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा सुरू केला आणि या वेळी भिंतीवरच्या घड्याळावर नजर ठेवली. एकेचाळीस सेकंद. पुढच्या खेपेला बेचाळीस. मग पुन्हा एकेचाळीस. वहीत आकडे लिहिता लिहिता त्यांच्या कपाळावरची आठी मोकळी झाली. टेबलाशी पेपर वाचत बसलेले प्रभाकरराव म्हणाले, "काय झालं? हासून काऊन राह्यल्या?"

"भाऊ, हा कुठंबी नाई थांबत. एकाच जागी थांबते."

"मंग?"

"मंग त्या जागी काई तरी असन ना."

त्यानंतर दोन दुपारी त्यांनी एकेक गोष्ट तपासली. एका वेळी एकच बदल करायचा, हा त्यांचा शिलाई मशीनपासूनचा नेम. दोन स्क्रू एकदम फिरवले तर कुठल्याने काम झालं ते कळत नाही. पेनड्राइव्ह त्यांनी आपल्या लॅपटॉपला लावून पाहिला, तिथे तो सुरळीत चालला. मग कॉम्प्युटरचं झाकण काढलं. मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. एक काढून पाहिली, ती लावून दुसरी काढून पाहिली. हार्डडिस्कची वायर सोडवून पाहिली. प्रत्येक वेळी एकेचाळीस सेकंद, फार तर बेचाळीस. वहीचं पान भरलं.

तिसऱ्या दुपारी त्यांनी गुंजनला फोन लावला. गुंजनने सगळं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "आत्या, ते वर्तुळ म्हणजे नुसता पडदा आहे. त्याच्यामागं कॉम्प्युटर लिहून राह्यला असते, आता मी हे करतो, आता ते करतो. वर्तुळ दिसलं की एस्केप दाबजो. सगळं दिसन."

"मंग हे आधीच काऊन नाई सांगतलं?"

"तू आधी विचारलंच कुठं?"

बाईंनी एस्केप दाबलं आणि वर्तुळ नाहीसं झालं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकू लागल्या. इंग्रजी त्यांना अक्षरं जुळवून वाचता येई, पण या ओळींचा वेग इतका की एक शब्द हाती लागेना. त्यांनी वाचायचा नाद सोडला आणि नुसत्या बघत राहिल्या. यंत्र इतके दिवस त्यांच्यासमोर बोलत होतं आणि त्यांना ठाऊकच नव्हतं! मग ओळी थांबल्या. सर्वांत खालची ओळ अर्धीच राहिली होती.

त्यांनी तिचा फोटो काढून पाठवला आणि उत्तर यायच्या आधी स्वतःच एकेक अक्षर लावलं. सी... रि... यल.

"प्रभाकरभाऊ, याच्यात सिरियलचं काय काम?"

"कोणती सिरियल?" प्रभाकररावांनी चष्मा वर केला.

तेवढ्यात फोन वाजला. "आत्या, टीव्हीवाली नाई हां. सिरियल म्हणजे जुन्या पद्धतीचं पोर्ट. कॉम्प्युटर आतल्या एकेका भागाले विचारते, तू कोण? सगळे सांगतात, अन् हा एक नव्या सिस्टीमले उत्तर देऊन नाई राह्यला. म्हणून बिचारा वाट पाहत उभा आहे. मागच्या बाजूले नऊ पिनांचं काही दिसते का?"

दिसत होतं. झाकण काढताना त्यांनी ते पाहिलंही होतं: नऊ पिनांचं तोंड मागे काढून बोर्डावर उभं खोचलेलं हिरवं कार्ड, त्याला बाहेरून एकही वायर नाही. वायर नाही म्हणून त्यांनी त्याला हिशेबातच धरलं नव्हतं. एका स्क्रूवर ते बसलेलं होतं. त्यांनी वीज बंद केली, स्क्रू काढला आणि कार्ड दोन्ही हातांनी सरळ वर उपसलं.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून एस्केप दाबलं. एकेचाळीस सेकंद झाले. पन्नास झाले. प्रभाकरराव पेपर ठेवून मागे येऊन उभे राहिले. ओळी धावतच राहिल्या, मग पडदा निळा झाला आणि भाषा कोणती हवी असं विचारू लागला.

"मराठी आहे काय त्याच्यात?" प्रभाकररावांनी विचारलं.

"आहे ना. ही पाहा."

संध्याकाळपर्यंत सगळं बसलं. प्रभाकररावांनी त्याच दिवशी पुस्तकांची यादी टाइप करायला घेतली, एका बोटाने. पण सुलोचनाबाईंची नजर टेबलावरच्या कार्डावर होती.

"हा कॉम्प्युटर आणला कुठून तुमी?"

"माझ्या साडभावानं देल्ला. अण्णाजीनं. जाम गावाले हायवेवर धरमकाटा आहे त्याचा, ट्रक मोजाचा."

एवढं बोलणं पुरे झालं. तीन दिवसांनी, वर्ध्याला बस बदलून, कार्ड रुमालात गुंडाळून त्या जामला पोचल्या. अण्णाजींना वाटलं, बाई तक्रार घेऊन आल्या. बाईंनी विचारलं एवढंच की हे कार्ड काय करायचं? अण्णाजींनी काट्यापासून आपल्या केबिनीपर्यंत आलेली जाड वायर दाखवली. ट्रकचं वजन त्या वायरीतून, या कार्डातून कॉम्प्युटरमध्ये जायचं. आता काट्याच्या नव्या मशीनला त्याची गरज उरली नव्हती.

"माणूस उभा राह्यला तर कळते काय याले?"

"राहा ना उभ्या."

त्या भल्यामोठ्या लोखंडी पाट्यावर एकट्या उभ्या राहिल्या. लाल आकडे उमटले: साठ.

"माझं तर अठ्ठावन्न आहे. परवाच केलं दवाखान्यात."

"हा दहा-दहानंच मोजते, बाई."

"मंग पासष्ट झालं तर साठ दाखवन का सत्तर?"

सतरा वर्षं या काट्यावर बसलेल्या अण्णाजींना हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी केबिनीतून पाण्याची पाच लिटरची कॅन आणून त्यांच्या हातात दिली. साठच. ते धावत दुसरी कॅन आणायला गेले. मागे सोयाबीनचा ट्रक येऊन उभा होता, त्याने हॉर्न वाजवला.

"थांब ना बापा जराशीक!" कॅन घेऊन येता येता अण्णाजी ओरडले. "पाहून राह्यलो ना आमी!"