खालचा कप्पा

निखिलचा फोन आला, तेव्हा मी पेजेचा डबा घेऊन रुग्णालयाच्या लिफ्टपाशी उभा होतो. “बाबा, आई गेली...” पेज अजून गरम होती.

शोकसभेत मंडळींनी माझ्या पत्नीची भलतीच मूर्ती उभी केली. “सुमनताईंनी मुलाला वाईट संगतीपासून निग्रहाने दूर ठेवलं, म्हणून तो इंजिनिअर झाला,” असे एक गृहस्थ म्हणाले आणि सभेने माना डोलावल्या. मी उठणार होतो. निखिलने हात धरला. म्हणून इथे लिहितो : हे साफ खोटे आहे. ती संगत तिने स्वतः घरात आणली.

पंधराव्या वर्षी निखिल आमच्या घराजवळच्या सेम्बावांगच्या जेट्टीवरून समुद्रात उड्या मारायचा. सोबत फैज आणि आणखी दोघे-तिघे. निखिल गणितात नापास झाला, तेव्हा शोकसभेतल्या याच मंडळींनी आम्हाला घर बदलण्याचा सल्ला दिला होता. सुमन टॉवेलांची पिशवी घेऊन जेट्टीवर गेली आणि सगळ्यांना ओलेचिंब घरी घेऊन आली. दाराबाहेर बुटांना जागा पुरेना, म्हणून चार कप्प्यांचे रॅक आले. “या वयात एकमेकांसमोर हिंमत दाखवायचीच असते,” ती मला म्हणाली, “मग इथे दाखवू देत.” थालीपिठे झाली की टेबलावर गणित. चुकण्याची भीती सोडून जो आधी मांडेल, त्याला लोणी जास्त.

“आँटी, ही ओन्ली वॉन्ट्स बटर लाह!” फैज निखिलकडे बोट दाखवून इथल्या इंग्रजीत ओरडायचा : याला फक्त लोणीच हवं!

निखिल पास झाला. फैज झाला नाही, दोनदा. सगळीच पोरे तरली, ही दुसरी दंतकथाही मला मान्य नाही. पण फैजच्या ताटातले थालीपीठ कधी लहान झाले नाही.

गोदीतल्या कामावरून परतताना कॉरिडॉरमध्ये बुटांची ती रांग दिसली की माझा शीण उतरायचा... आजही लिफ्टमधून बाहेर पडलो की नजर आधी तिकडेच जाते.

“एकट्याला एवढं रॅक कशाला, बाबा? काढून टाकू,” निखिल सेंगकांगच्या त्याच्या घरून फोनवर म्हणाला.

गेल्या रविवारी फैज आला. कानशिलांवरचे केस पिकलेत. बूट न बघताच खालच्या कप्प्यात सरकवले आणि सवयीने हाक मारली, “आँटी...” मग दारातच थबकला.

“ये, बस,” मी म्हणालो. थालीपीठ मला येत नाही. पावाला लोणी लावले, जाड.

तो गेल्यावर निखिलला कळवले : रॅक तिथेच राहील.