शेजारची सीट

नडीन केसलरबद्दल आमच्या गावात कुणी वाईट बोलत नाही. ती कसर मी एकटीनं भरून काढली, निदान एक अख्खा हिवाळा तरी.

बाई साठीच्या पुढची. शाळेच्या कॅन्टीनमध्ये पोरांना जेवण वाढण्यात तिचं आयुष्य गेलं. केस कधी विंचरलेले दिसायचे नाहीत, नखांत काळं ग्रीस, अंगात मेलेल्या नवऱ्याचा जाड निळा शर्ट, आणि हसायची अशी की कोंबड्या बिथराव्यात. तिच्या नवऱ्याला, मर्लला, जुन्या गाड्या शर्यतीत पळवायचा नाद होता. गाडीच्या दारावर नाव त्याचं, कपाटातले जिंकलेले कप त्याचे. इंजिन मात्र नडीन जुळवून द्यायची. हे साऱ्या परगण्याला ठाऊक होतं आणि मर्ल जिवंत असेपर्यंत कुणी बोलत नव्हतं. तो गेल्यावर लोक तिला बोलवायला लागले. ती यायची, बॉनेट उघडायला लावायची, मान कलती करून ऐकायची आणि इंजिनाचं कुठे दुखतंय ते सांगायची. पैसे घ्यायची नाही. जेवायला मात्र थांबायची.

माझा नवरा गार्लंड याच्याकडे एकोणसत्तर सालची शेवेल गाडी आहे. आम्ही शाळेत होतो तेव्हा असली गाडी रस्त्यानं गेली की पोरं वाक्य अर्धं सोडून बघत राहायची. गार्लंडनं ती एका कुरणातून ओढून आणली तेव्हा तिच्या डिकीतून झाड उगवलेलं होतं. मग कित्येक उन्हाळे त्यानं तिच्यावर घातले. सडलेला पत्रा कापून नवा जोडला, मागची चाकं रुंद बसवली, कारखान्याचा रंग नको म्हणून स्वतः मिसळून गर्द हिरवा मारला. सीटा मी शिवल्या. माझा धंदाच तो. गाड्यांच्या, बोटींच्या, क्वचित चर्चच्या बाकांच्या गाद्या शिवते. गॅरेजच्या भिंतीला लागून माझी खोली आहे, तिथं मोठं मशीन आहे. शेवेलसाठी काळं रेग्झिन घेतलं आणि रंगाशी मिळता हिरवा दोरा घालून दुहेरी टीप मारली. गार्लंडनं हात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "छान." बस, एवढंच.

नडीन आमच्या घरात आली ती गार्लंडच्या मूर्खपणामुळे. जुन्या धाटणीच्या इंजिनात नवा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, घातला की पहिल्यांदा सुरू केल्यावर वीस मिनिटं ते मोठ्या वेगात, एका लयीत चालवावं लागतं. मध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा नाही. काढला, इंजिन मंदावलं, की कॅमशाफ्टचे उंचवटे घासून सपाट होतात आणि सगळी मेहनत मातीत जाते. आमच्या भागात हे शाळकरी पोरालाही माहीत. पण गंमत अशी की असल्या इंजिनाचं खरं सुख ते मंद चालतं तेव्हाच. ढग, ढग, आता बंद पडतंय असं वाटतं, आणि पुन्हा ढग, ढग. तो आवाज ऐकायला म्हणून तर ही माणसं आयुष्य घालवतात. ऑक्टोबरात गार्लंडनं किल्ली फिरवली तेव्हा आमचा शेजारी हर्शल घडीची खुर्ची आणि कॉफीचा थर्मास घेऊन येऊन बसला होता. जरा वेळानं त्याला दम निघेना.

"गार्लंड, सोड ना जरा पाय. ऐकू तर दे."

"वीस मिनिटं झाली नाहीत रे अजून."

"क्षणभर सोडलास तर काय मरणार आहे का ती?"

आणि माझ्या शहाण्या नवऱ्यानं पाय सोडला. दोघं डोळे मिटून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी तेल काढलं तर त्यात चकचकीत चुरा. इंजिन पुन्हा बाहेर, पुन्हा सुटं. गार्लंड दोन दिवस जेवला नाही. मग त्यानं नडीनला फोन केला.

त्या हिवाळ्यात ती दर शनिवारी दुपारी यायची. ती यायच्या आधी गार्लंड दाढी करायचा. मला दाढीचं काही वाटलं नसतं, पण आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यानं ती केलेली मला आठवत नाही. मी चिकन नूडल्स करून बटाट्याच्या लगद्यावर वाढायचे. नडीन स्वतःची ताटली उचलून गॅरेजमध्ये जायची आणि उभ्या उभ्या खायची. मग गार्लंडही ताटली घेऊन तिच्या मागे. मी टेबलाशी एकटी, समोर मिठाची आणि मिऱ्याची बाटली. भिंतीपलीकडून त्याचं हसू ऐकू यायचं. तो हसतो हे मी विसरले होते.

संध्याकाळी जेवताना सुरू व्हायचं. नडीन म्हणते, कार्बोरेटर बदलूया. नडीन म्हणते, हल्लीच्या तेलात पूर्वीसारखा दम नाही, ती येताना वेगळं तेल आणेल. नडीन म्हणते, तुझे नूडल्स फार चांगले होते.

"तिनं मला सांगितलं नाही ते," मी म्हटलं.

"मला सांगितलं ना."

"तू काय माझ्या नूडल्सचा मॅनेजर आहेस?"

त्याला खरंच काही कळलं नव्हतं, आणि त्यानं मी आणखी पेटले. मला हेवा वाटत होता हे फार सभ्यपणे सांगणं झालं. मी जळत होते. त्याचा तिच्यावर तसला जीव नव्हता, हे मला माहीत होतं. तसं असतं तर सोपं होतं, मी दोघांना झाडूनं हाकललं असतं. पण तो तिला विचारायचा. हे कसं करू, ते कधी करू, तुला काय वाटतं? इतक्या वर्षांत मला त्यानं एकच प्रश्न विचारला होता, दोरा कुठल्या रंगाचा. उत्तर मी देईपर्यंत तो निघूनही गेला होता. माझा राग निघायचा तो मशीनवर. ती शनिवारी गॅरेजमध्ये, मी भिंतीच्या अलीकडे, आणि पायाखाली पेडल. एका बोटवाल्याच्या इतक्या गाद्या मी त्या हिवाळ्यात शिवून टाकल्या की त्याला दुसरी बोट घ्यावी लागली असती.

मे महिन्यात इंजिन तयार झालं. आमच्याकडे गाडी नवी उभी राहिली की पहिली फेरी गावाबाहेरच्या धान्याच्या कोठारापर्यंत मारायची आणि परत यायचं. त्या फेरीत शेजारच्या सीटवर कोण बसलं हे लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. कुणी बापाला बसवतो, कुणी ज्याच्यावर उपकार आहेत त्याला. बायकोला बसवणारेही असतात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी शुगर क्रीम पाई, साखर-सायीचा गोड पदार्थ, कापत होते तेव्हा हर्शलनं अंगणात विचारलं, "मग शेजारी कोण?"

"नडीन. तिचंच तर आहे इंजिन," गार्लंड म्हणाला.

"आणि ट्वायला?" हर्शलनं माझं नाव घेतलं.

"तिला काय, तिची तर ती रोजचीच गाडी होणार."

पाईचा तो तुकडा मी बशीत न ठेवता तिथंच खाऊन टाकला. ती सीट मी शिवली होती. तिचा फोम मी माझ्याच पाठीच्या मापानं कापला होता, कारण दुसऱ्या कुणाचं माप घ्यावं असं मला सुचलंच नव्हतं.

दुपारी नडीन आली. हर्शल खुर्चीत. फेरीआधीची वीस मिनिटं अजून व्हायची होती. गार्लंड गाडीत बसायला निघाला तर नडीननं त्याला अडवलं.

"तू नाही. तू पाय काढशील."

"आता नाही काढणार गं."

"काढशील. मी मर्लबरोबर संसार केलाय, मला नको सांगूस."

"मग तू बस."

"मी पेडलवर बसले तर इंजिन कोण बघणार? हर्शल बघेल?"

हर्शल म्हणाला, "मी बसतो हवं तर पेडलवर."

"तू त्या खुर्चीतून हललास तर लक्षात ठेव," नडीन म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "ट्वायला, मशीनवर बसताना घालतेस ते बूट घालून ये."

मला वाटलं ती थट्टा करतेय. "मी? मला कुठं त्यातलं काही कळतं?"

"कळायचं काही नाही. पाय ठेवायचा आणि ठेवूनच द्यायचा. हिवाळाभर मी तुझं मशीन ऐकलंय त्या भिंतीतून. एकदासुद्धा लय तुटली नाही. असा पाय या परगण्यात दुसऱ्या कुणाचा नाही."

मी बूट घालायला गेले. लेस दुहेरी गाठीनं बांधली. हिवाळाभर मी भिंतीला कान लावून त्यांचं हसू मोजत होते आणि ती पलीकडून माझी टीप ऐकत होती. तिला माझ्याबद्दल चांगलं म्हणायचा काही अधिकार नव्हता. मला तिचा राग करणं त्यामुळे फार अवघड होऊन बसलं.

गाडीत बसले. नडीननं किल्ली फिरवायची खूण केली. इंजिन धडाडलं, सीटखालून पाठीच्या कण्यापर्यंत चढलं. तिनं हात वर केला, मी पाय दाबला. तिनं हात थांबवला, मी तिथंच धरला. मग ती पाठ करून बॉनेटमध्ये वाकली. गार्लंड आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन उभा. आवाज असा की हर्शलनं कॉफी सांडली ती त्याला कळलीसुद्धा नाही.

अर्धा वेळ गेला असेल, गार्लंड माझ्या खिडकीशी आला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा लाल झाला होता.

"ट्वायला, सोड जरा. एकदाच. छान चाललंय, काही होणार नाही."

मी नडीनच्या पाठीकडे पाहिलं. निळ्या शर्टाची ती पाठ पुढ्यात वाकलेली होती. तिला काही दिसत नव्हतं. माझ्या मनात आलं, सोडावा पाय. नवरा स्वतः सांगतोय. उद्या तेलात चुरा निघेल, आणि निघेल तो नडीनच्या इंजिनातून. मग शनिवार बंद, नडीन म्हणते बंद. त्या बाईचा हिवाळा माझ्या बुटाच्या टोकाखाली होता आणि मला ते खूप आवडलं. खोटं कशाला सांगू, फार आवडलं.

"अगं, सोड ना," गार्लंड म्हणाला.

"हट," मी म्हटलं. "टीप चाललीय माझी."

पोटरीत गोळा आला, पाय हलला नाही. शेवटी नडीन सरळ झाली, पुसलेला हात तिनं हवेत सावकाश खाली आणला. मी तिच्या हाताबरोबर पाय उचलत गेले. इंजिन उतरत उतरत खाली आलं आणि तिथं थांबलं. ढग, ढग. ढग, ढग. हर्शलनं टोपी काढली.

गार्लंड धावत पलीकडे गेला, शेजारचं दार उघडून धरलं. "नडीन, बस बस. ट्वायला, उतर तू. मी चालवतो."

सगळ्यांसमोर म्हणाला, उतर. मी दाराच्या कडीला हात घातला. तोवर नडीन आत येऊन बसली होती, तिनं दार ओढून घेतलं.

"तू कशाला उतरतेस? चालव."

"अगं, पण तो..."

"गिअर टाकता येतो ना?"

धान्याचे ट्रक चालवण्यात माझं तरुणपण गेलंय. मी गिअर टाकला. आरशात गार्लंड तो लाल सिलिंडर घेऊन उभा होता, मग छोटा होत गेला.

कोठारापर्यंत नडीन बोटानं सीटच्या हिरव्या टिपेवरून जात होती. मी गाडी थांबवल्यावर म्हणाली, "मर्लच्या सगळ्या इंजिनांचं पेडल मीच धरायचे. वीस मिनिटं झाली की तो यायचा आणि म्हणायचा, नडीन, उतर. मग त्याचे मित्र बसायचे. मी घरात जाऊन सगळ्यांसाठी सँडविच करायचे."

"कधीच नाही बसलीस?"

"दुसऱ्या फेरीला बसायचे. दुसरी फेरी कुणाच्या लक्षात राहते?"

मी उतरले, वळसा घालून तिच्या दाराशी गेले. "सरक तिकडे," मी म्हटलं.

ती सरकली. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि तिनं गाडी काढली. तिच्या हाताखाली इंजिनाचा आवाजच बदलला. माझ्या हातून ते गुरगुरत होतं, तिच्याशी ते बोलत होतं. जळायचं ते मी पुन्हा जळले, पण शेजारच्या सीटवर बसून जळले. सीट माझ्या पाठीला अगदी बरोबर बसत होती.

परत आलो तेव्हा गार्लंड अंगणाच्या तोंडाशीच उभा होता. स्टिअरिंगवर नडीन, शेजारी मी, दोघी हसत होतो. त्याचे ओठ आवळलेले, मान जराशी कलती, आणि डोळे आमच्या दोघींवरून इकडून तिकडे. तो चेहरा मी लगेच ओळखला. हिवाळाभर आरशात मी तोच बघत आले होते.

"माझी पाळी?" त्यानं विचारलं.

मी उतरून माझी सीट पुढे वाकवली. "मागे बस," मी म्हटलं. "तीसुद्धा मीच शिवलीय."