चार वाजताची कानटोपी

आमच्या नौपाड्यातल्या इमारतीतले शेजारचे काका मार्चच्या उकाड्यातही दुपारी चारला कानटोपी घालतात आणि पंखा बंद करून बसतात. माझा कॉलेजचा पहिला फॉर्म त्यांनीच भरून दिला होता, त्यामुळे त्यांना विक्षिप्त म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

एकदा विचारलंच. म्हणाले, "अरे, मुलाचं पोस्टिंग भूतानला. तिथे लष्कराच्या क्वार्टरमध्ये नळाचं पाणी गोठतं. नातीचा दोनदा कान फुटला, तरी टोपी म्हटलं की भोकाड! म्हणते, आजोबांनी घातली तरच घालीन."

"पण पंखा?"

"रोज चारला व्हिडिओ कॉल असतो. पंख्याने टोपीचा गोंडा हलला की पकडते रे. आगाऊ आहे."

काल चारचा व्हिडिओ कॉल आलाच नाही. साडेपाच वाजले. काकांच्या मानेवरून घाम ओघळत होता.

"काका, काढा आता. तिकडे नेटवर्क गेलं असेल."

ते फोनकडे बघत म्हणाले, "मग तीही टोपी काढून बाहेर खेळत असेल का रे?"

मी पंख्याच्या बटणापर्यंत गेलो आणि तसाच परत येऊन त्यांच्याजवळ बसलो.