लॉगरहेड्स आणि कुरडयांचा चीक

संगमनेरच्या कॉलेजात अकरावीला इंग्रजी शिकवताना धड्यात 'ॲट लॉगरहेड्स' आलं. दोघं हटून बसलेत आणि कुणीच माघार घेत नाही, असा त्याचा अर्थ. मुळात लॉगरहेड म्हणजे ठोंब्या, ओंडक्यासारख्या डोक्याचा. पुढं तेच नाव एका अवजाराला पडलं: लांब दांडा, टोकाला लोखंडी गोळा. तो तापवून जहाजावरचं डांबर वितळवायचे. काही जण म्हणतात, खलाशांचं बिनसलं की तीच अवजारं घेऊन ते एकमेकांच्या अंगावर जायचे. खात्रीनं कुणीच सांगत नाही, हेही मी सांगून टाकलं. तर पहिल्या बाकावरची मुलगी म्हणते, "मॅडम, म्हणजे भांडणारे दोघंही ठोंबेच ना?"

वर्ग हसला. मीही हसले, पण मला ते लागलं. माझं आणि माझ्या मोठ्या जावेचं महिनाभर हेच चाललं होतं. शेजारी शेजारी घरं, एकच अंगण, आणि बोलणं बंद.

कारण सांगायचीही लाज वाटते. कुरडया एकटीनं होत नाहीत. उकळत्या आधणात एकीनं चीक ओतायचा, दुसरीनं चाटूनं हाटायचं. गेल्या उन्हाळ्यात आधणात मीठ दोघींनीही घातलं. त्या खारट कुरडया घरात आम्ही गुपचूप खात होतो, पण होळीला त्या जावेच्या नव्या व्याह्यांच्या ताटात पडल्या आणि व्याही तांब्याभर पाणी प्यायले. जाऊ सगळ्यांदेखत म्हणाली, "आमच्या मास्तरीनबाईंचं ध्यान मोबाईलात हुतं." मी कुठली गप्प बसतेय? "तुम्ही तरी चाखून बघायचं," म्हणाले, आणि वर आणखी दोन-चार गोष्टी ऐकवल्या. त्या आठवल्या की अजून जीभ चावते.

यंदा मी इरेला पेटले. एकटीनं करून दाखवते म्हणून गहू भिजत घातले. तीन दिवस पाणी बदललं, गहू वाटले, चीक निवळला. रविवारी सकाळी अंगणातल्या चुलीवर आधण ठेवलं. एका हातानं ओतायचं, दुसऱ्यानं हाटायचं. पातेलं डुगडुगायला लागलं, चिकाच्या गुठळ्या व्हायला लागल्या. समोर जाऊ दारात बसून लसूण सोलत होती. तिला हाक मारावी असं फार वाटत होतं. खरं सांगते, कुरडयांसाठी नव्हे. कॉलेजातून आल्यावर रोज एकटीनं चहा पिऊन मला वीट आला होता. पण हाक काही तोंडातून फुटेना.

शेवटी तीच उठली. चाटू माझ्या हातातून ओढून घेतला आणि हाटायला लागली. मी ओतत राहिले. हळूहळू गुठळ्या मोडल्या.

"ताई, दुसऱ्यांदा मीठ मीच घातलं होतं," मी म्हणाले. "मला तेव्हाच कळलं होतं."

तिचा हात थांबला नाही. "मिठाचं काय घिऊन बसली," ती म्हणाली. "पोरीच्या सासरची मान्सं गेल्यावर मी रडत बसले हुते. तुला भिंतीपल्याड ऐकू आलं का न्हाई?"

आलं होतं. मी तिला तसं सांगितलं, आणि तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवला होता, तेही सांगितलं.

तिनं चाटूनं पातेल्याची कड खरवडली. मग पातेल्यात बघतच म्हणाली, "ओत की. थांबू नको, बुडाला लागंल."