विसाव्याचा दगड

स्टेशनपासून मासुंदा तलावाकडे येणाऱ्या ठाण्याच्या जुन्या बाजाररस्त्यावर, जांभळी नाक्याच्या अलीकडे, पंढरीचं मर्तिकाच्या सामानाचं दुकान आहे. बांबू, मडकी, सुतळी. माझ्या आईवडिलांचं सामान त्यानेच बांधून दिलं होतं. तेव्हा अंत्ययात्रा या रस्त्याने जायच्या. वाटेत चिंचेखाली एक सपाट दगड होता. तिथे तिरडी टेकवायची, पुढच्यांनी मागे जायचं, मागच्यांनी पुढे यायचं आणि मग निघायचं. चिंच केव्हाच गेली. दगड मात्र प्रितमच्या मोबाइलच्या दुकानापुढे फुटपाथात रुतून राहिला.

"विसावा चुकवू नका हं, नाहीतर माणूस वाटेतच राहतं," असं पंढरी प्रत्येकाला बजावायचा.

गेल्या वर्षी त्याची बायको गोदा कळव्याला इस्पितळात वारली. शववाहिकेत तो तिच्याजवळ बसला. काचांना पांढरा रंग दिलेला. बाहेरचा आपलाच रस्ता त्याला ओळखता आला नाही. दार उघडलं तेव्हा समोर स्मशान होतं.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला तो दगडापाशी उभा राहू लागला. प्रितम स्कूटर लावायला आला की हटवायचा.

"काका, रोज काय कटकट? कोण येणारे इथे?"

"आमची बाई."

"मग तिला सांगा, नो पार्किंग आहे."

पंढरी हसला नाही. "कालही येऊन गेली. जागा सापडत नाही म्हणते."

प्रितमने गुपचूप स्कूटर काढली.

परवा फुटपाथ खणायला माणसं आली. दगड उद्या निघणार म्हणाली. पंढरी तडक माझ्या घरी आला.

"सर, खांदा द्याल?"

"कुणाला रे?"

"गोदाला."

त्याला समजावायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी चपला घातल्या.

त्याने तिरडी बांधून तिच्यावर गोदाचं हिरवं पातळ पांघरलं होतं. पुढे तो आणि मी, मागे भाजीवाला गुणाजी आणि प्रितम. संध्याकाळच्या गर्दीने वाट दिली. लोकांनी हात जोडले. तिरडी रिकामी होती, तरी माझा खांदा भरून आला.

"सर," मागून प्रितम कुजबुजला, "जड लागतेय ना?"

मी मागे पाहिलं नाही.

दगडावर टेकवली. पंढरी वाकून म्हणाला, "बस गं जरा. दमलीस." आम्ही जागा बदलल्या. पुन्हा उचलली, तेव्हा खांद्यावर नुसते बांबू होते.

स्मशानाच्या दारात ती ठेवून परतलो. पंढरी म्हणाला, "लाव रे आता तुझी गाडी."

प्रितम किल्ली हातात धरून दगडाकडे बघत राहिला. मग स्कूटर ढकलत पार कौपिनेश्वराच्या देवळापर्यंत घेऊन गेला.