धाकटं गणित

त्या शाळेत नववीपासून गणिताला दोन फाटे फुटायचे. कागदोपत्री त्यांची नावं गणित एक आणि गणित दोन, पण मुलं कागदोपत्री नावांना कधी भीक घालत नाहीत. त्यांच्या तोंडी एक मोठं गणित आणि दुसरं धाकटं. मोठ्यात बीजगणित, त्रिकोणमिती आणि अकरावी-बारावीत कलन. धाकट्यात टक्केवारी, क्षेत्रफळं, सरासरी. हे दुसरं शिकवायच्या त्या धाकट्या बाई. शिक्षकांच्या खोलीत वयानं सगळ्यांत थोरल्या, केस पिकलेले, गुडघे कुरकुरणारे, पण नाव पडलं ते पडलं.

त्यांच्या वर्गातली मुलं आठवीच्या शेवटच्या चाचणीत आपटून आलेली असायची. पहिल्या दिवशी ती खाली माना घालून बसत. बाई त्यांच्या हातात मोजपट्टी देऊन सांगत, जा, दारं मोजा, बाकं मोजा, मुख्याध्यापकांचं टेबल मोजा, ते ओरडले तर माझं नाव सांगा. महिनाभरात वर्गात हसू ऐकू यायचं. त्या एकाही मुलाला फळ्यापाशी एकट्याला उभं करत नसत. त्यांनी स्वतः मोठं गणित घेतलं होतं, आणि त्यांचे सर त्यांना घंटा होईपर्यंत फळ्यापाशी उभं ठेवायचे. हातात खडू, डोक्यात अंधार, पाठीमागे अख्खा वर्ग. दोनदा त्या नापास झाल्या आणि तिसऱ्या खेपेला कशाबशा सुटल्या. त्या उभं राहण्याची धास्ती त्यांच्या अंगातून कधी गेली नाही. पोरांना झेपेल तेवढंच द्यावं, हे त्यांचं मत तिथून आलेलं. मत चांगलं होतं. पण आपली भीती आणि दुसऱ्याची कुवत यांत माणसाची फार लवकर गल्लत होते.

बाईंची धाकटी बहीण गेली तेव्हा तिची मुलगी आठवीत होती. बापाचा ठावठिकाणा नव्हता, म्हणून पोर बाईंकडे आली. आई गेल्यानंतर तिसऱ्याच आठवड्यात ती चाचणी झाली. पोरीनं अर्धा पेपर कोरा दिला. शाळेनं गुण पाहिले, कारण पाहिलं नाही, आणि तिला गणित दोनमध्ये टाकलं. अशा प्रकारे बाईंची भाची त्यांच्याच वर्गात तिसऱ्या बाकावर येऊन बसली. घरी मावशी, शाळेत बाई. पोरीची त्यात एकदाही चूक झाली नाही.

पहिलं वर्ष तिनं निमूटपणे काढलं. दहावीत मात्र बाई गणित फळ्यावर लिहून वळेपर्यंत तिचं सोडवून झालेलं असायचं. मग ती खिडकीबाहेर बघत बसायची किंवा शेजारणीला समजावायची, आणि खरं सांगायचं तर बाईंपेक्षा बरं समजावायची. बाईंना त्याचा केवढा आनंद व्हायचा. दुपारच्या तासाला ती समोर दिसली की त्यांना बहीणच बसल्यासारखं वाटायचं.

धाकट्या गणितातून मोठ्यात जायची सोय होती. दहावीच्या सहाव्या शुक्रवारपर्यंत एक अर्ज द्यायचा आणि त्यावर शिकवणाऱ्या शिक्षकाची सही हवी. नियम करणाऱ्यानं सहा आठवडे कुठून काढले देव जाणे. पोरीनं अर्ज चौथ्या आठवड्यात भरून आणला आणि जेवणाच्या टेबलावर मावशीपुढे ठेवला. मावशी म्हणाली, बघू. मग म्हणाली, जरा सावर आधी, एवढ्यात घाई कसली. अर्ज हजेरीपटात ठेवून दिला. खरी गोष्ट अशी की पोर फळ्यापाशी उभी आहे आणि पाठीमागे वर्ग हसतोय, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. आणि दुसरीही एक खरी गोष्ट होती, जी त्यांनी स्वतःलाही धड सांगितली नाही. पोरीनं घरी येऊन काही अडलेलं विचारलं असतं, तर ते बाईंना आलं नसतं.

सहाव्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी पोरीनं आठवण करून दिली, "मावशी, उद्या शेवटचा दिवस आहे."

शुक्रवारी बाईंचं डोकं दुखायला लागलं. आजवरच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी थापा मारून घेतलेली ती एकच रजा. पोरीनं त्यांच्या उशाशी पाणी ठेवलं, पडदा ओढला, आवाज न करता दार लावलं आणि शाळेत गेली. बाई दिवसभर त्या अंधाऱ्या खोलीत ठणठणीत पडून राहिल्या. सोमवारी अर्ज हजेरीपटातच होता. पोरीनं पुन्हा विषय काढला नाही.

तिला बांधकामाचं शिकायचं होतं. पूल, इमारती, असलं काही. बारावीनंतर ती प्रवेशाच्या खिडकीशी गेली, तर आतल्या माणसानं गुणपत्रिका बघून सभ्यपणे परत केली. गुण उत्तम होते, पण गणित दोन घेतलेल्यांना तिथे प्रवेशच नव्हता. पोर घरी आली, चपला जागेवर ठेवल्या, "नाही झालं" म्हणाली आणि भाजी चिरायला बसली. बाईंना वाटलं, हिनं आदळआपट करावी, आपल्याला चार शब्द सुनवावेत. तिनं काहीच केलं नाही. दोन महिन्यांनी ती खिडक्या आणि काचांच्या दुकानात लागली. लोकांच्या घरी जाऊन मापं घ्यायची, काच कापणाऱ्याला आकडे द्यायचे. तिची काच कधी वाया गेली नाही, असं मालक सगळ्यांना सांगायचा. या गोष्टीला आठ वर्षं झाली.

आणि मग शाळेला उपरती झाली. दोन गणितं करून मुलांचं नुकसान होतं, पुढच्या वर्षापासून सगळ्यांना एकच, पूर्ण गणित. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या बाईंनाही तेच शिकवावं लागणार होतं. त्या मोठ्या गणिताचं पुस्तक घरी घेऊन आल्या. रोज सकाळी ते उघडत आणि रोज घामाघूम होत. कलनापर्यंत पोचता पोचता त्यांच्या नाकी नऊ आले.

एका रविवारी सकाळी त्या पुस्तकातल्या एका खिडकीशी अडून बसल्या होत्या. खाली आयत, वर अर्धवर्तुळाची कमान, बाहेरच्या चौकटीची एकूण लांबी ठरलेली. सगळ्यांत जास्त उजेड यावा म्हणून मापं काय घ्यावीत? गेले चार दिवस त्या तिथेच होत्या. भाची ओले केस पुसत मागे येऊन उभी राहिली.

"ही तर आमच्याकडची खिडकी," ती म्हणाली. तिनं आधीची चार पानं उभ्या उभ्याच वाचली. मग खुर्ची ओढून बसली आणि मावशीच्या हातातली पेन्सिल घेतली. एकदा खोडलं, पुन्हा लिहिलं, एक पान मागे जाऊन आली. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. "सरळ बाजूची उंची रुंदीच्या निम्मी. आम्ही उंच ठेवतो, दिसायला बरी दिसते म्हणून. म्हणजे उजेड घालवतो."

बाईंनी पुस्तकाच्या मागे उत्तर पाहिलं. बरोबर होतं.

"पुढचं करू?" पोरीनं विचारलं, वर्गात विचारायची तसंच. बाईंनी मान हलवली. तिनं पुढचं केलं, त्याच्या पुढचं केलं. केस तसेच ओले राहिले. अख्खा स्वाध्याय संपला तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता, आणि बाईंना तो चेहरा बघवेना. तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि शेवटचं पान उलटून पाहिलं.

"एवढंच होतं?"

"हो," मावशी म्हणाली. "मी सही करायला हवी होती गं. त्या दिवशी माझं डोकं दुखत नव्हतं."

पोरीनं पुस्तक मिटलं. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंनी तो आनंदानं झेलला असता.

"मला वाटलं, तुला दिसलं असणार," ती म्हणाली. "की मला हे जमणार नाही. तू गणिताची बाई ना. म्हणून मी परत विचारलं नाही."