पुराव्यानिशी वाढदिवस

जगात आजवर जितके म्हणून गवई, बीनकार, तबलजी, पेटीवाले आणि सनईवाले जन्माला आले, त्या सगळ्यांचे वाढदिवस न चुकता साजरे करणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे आणि तो भिवंडीत, टेमघरला, दुसऱ्या मजल्यावर राहतो. नात्याने ते माझ्या बायकोचे थोरले मामा. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, आपल्याला एक मामेसासरे मिळताहेत. प्रत्यक्षात मिळालं ते एक पंचांग, ज्यात ना तिथी, ना नक्षत्र, नुसते गाणारे आणि वाजवणारे. मामांना साधी तारीख विचारायची सोय नाही. एकदा बँकेत स्लिप भरताना शेजारच्या बाईंनी 'आज किती तारीख हो?' म्हणून विचारलं, तर मामांनी त्यांना उत्तरेकडचे एक सारंगीवाले जन्मापासून सांगायला घेतले. सारंगीवाले लहानपणी घरातून पळून गेले तोवर बाईंचा नंबर पुकारून झाला होता. बाई मात्र तिथेच उभ्या, पुढे काय झालं ते ऐकत. स्लिपवर तारीख शेवटी मीच घातली.

रोज सकाळी, दूधवाल्याच्या आधी, आमच्या घरच्या ग्रुपवर मामांचा संदेश येतो. आज कोणाचा जन्म, कोणत्या गावी, गुरू कोण, आणि शेवटी 'सर्वांनी दहा मिनिटं शांत बसून ऐकावे' अशी सूचना. आमच्यात शांत बसणारं कोणी नाही. माझा कान तर चष्मा अडकवण्यापलीकडे फारसा उपयोगाचा नाही, आणि हे मामांना ठाऊक असूनही ते दर भेटीत मला समोर बसवतात. "जावईबापू, नुसतं बसा. कळायला पाहिजे असं कुठं हाय?" एवढंच म्हणतात. मग मी बसतो. मामींच्या हातचा चहा येतो आणि कुठलेतरी थोर बुवा शंभर वर्षांपूर्वीच्या खरखरीतून आळवत राहतात.

मामींनी या सगळ्या मंडळींना घरातलेच पाहुणे मानून टाकलं आहे. ज्याचा वाढदिवस त्याच्या आवडीचा पदार्थ करायचा, असा मामांचा दंडक. लखनौकडचे असले तर शेवया, दक्षिणेकडचे असले तर भात आणि सांबार. एकदा एका परदेशी पियानोवाल्याचा दिवस आला. मामा पुस्तकातून डोकं वर काढून म्हणाले, याच्या खाण्यापिण्याचं कुठं काही लिहिलेलं नाही. मामी म्हणाल्या, "मंग मी बोंबील केलेत. त्याला न्हाय आवडलं तर त्यानं सांगावं." पियानोवाल्याने काही सांगितलं नाही. आम्ही तिघांनी त्याच्या वतीने बोंबील संपवले, आणि तेव्हापासून ज्याच्या आवडीचा पत्ता लागत नाही त्याला त्या घरात बोंबीलच मिळतात.

एका दिवशी दोघांचा वाढदिवस आला की मामांची खरी परीक्षा. एक गायिका आणि तिचे पेटीवाले असे दोघे एकाच तारखेचे निघाले. दोघांचं पुढे इतकं बिनसलं होतं म्हणे की एका गावात कार्यक्रम असला तर दोघं वेगवेगळ्या धर्मशाळेत उतरत. मामांनी सकाळ बाईंना दिली, संध्याकाळ पेटीवाल्यांना, आणि मधे दुपारी दोन्ही फोटो भिंतीवरून उतरवून ठेवले, उगाच समोरासमोर नकोत म्हणून. आमच्या लग्नाची तारीख कळल्यावरही त्यांनी आधी पुस्तक काढून बघितलं. मग माझ्या बायकोला बाजूला घेऊन म्हणाले, "तबल्यातला एक फार घाईचा माणूस या दिवशी झाला. जरा सांभाळून." बायको आजही, मी जेवताना भराभर उरकलं की त्या तबलजींचा उद्धार करते.

नोकरीत मामा बस स्टँडवर कंट्रोलर होते, म्हणजे कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली ते माइकवरून सांगायचं. माइक हाती असलेला माणूस आणि रोज एक वाढदिवस, तेव्हा व्हायचं ते झालंच. वाड्याची गाडी, वज्रेश्वरीची गाडी, मार्गे अंबाडी, आणि मग त्याच आवाजात, "आज एका थोर बीनकारांचा जन्मदिवस आहे, प्रवाशांनी गाडीत चढताना गोंधळ करू नये." साहेबांनी बोलावून विचारलं, तेव्हा मामा म्हणाले, "साहेब, गोंधळ करू नका ही सूचना नियमातलीच हाय. मी फक्त कारण सांगितलं." साहेबांनी त्यांना पुन्हा माइकवर पाठवलं. गणेशपुरीला जाणारे भाविक तर म्हणे हात जोडून चढत.

पण एका बाबतीत हा मऊ माणूस फार कडक होता. पुराव्याशिवाय वाढदिवस नाही. दोन पुस्तकांत दोन तारखा निघाल्या की त्या बुवांचं नाव बाद. मग ते कितीही मोठे असोत, मामांना कितीही आवडोत. असे एक गायक होते, ज्यांच्या आवाजावर मामांचा जीव, पण त्यांच्या तारखेचा घोळ काही मिटेना. मामा त्यांना वर्षभर ऐकायचे, वाढदिवस मात्र कधी केला नाही. "दोन तारखा म्हणजे एकही न्हाय," असं त्यांचं मत. स्वतःच्या वाढदिवसाचीही तीच गत. शाळेत नाव घालताना मास्तरांनी एक जून लिहून टाकला, तसा त्यांच्या वर्गातल्या सगळ्यांचाच लिहिला. त्यामुळे एक जूनला कोणी शुभेच्छा दिल्या तर मामा म्हणतात, "मास्तरांना द्या."

याच कडकपणाची गाठ एके दिवशी चाचांशी पडली. चाचा म्हणजे मामांचे स्टँडवरचे दोस्त. दिवसा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, ड्युटी करायची आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा, अशी त्यांची उभी हयात गेलेली. बँडवाले गाडीची वाट बघत फलाटावर बसायचे, तिथे ही दोस्ती जमली. मामांनी थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगायच्या आणि चाचांनी हलक्या आवाजात ती चीज वाजवून दाखवायची, यात त्या दोघांनी वाड्याच्या किती गाड्या सोडल्या असतील देव जाणे. आता चाचा थकले होते. लूमवरची रुई वर्षानुवर्षं छातीत जाऊन बसली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फुंकणं कमी करा, आणि घरच्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की ते आता फार दिवस जमणारही नाही.

त्या दिवशी मी मामांबरोबर चाचांकडे गेलो होतो. मामा सकाळचा संदेश वाचून दाखवत होते. चाचा उशीला टेकून ऐकत होते. ऐकता ऐकता म्हणाले, "कंट्रोलर साब, सबका बताते हो. मेरा कब है?"

मामांनी आधार कार्ड मागितलं. त्यावर एक जून. चाचा खोकत हसले. "ये तो हेडमास्टर का दिया हुआ है. असली वाला पूछ रहा हूँ. एक बार मेरा भी मनाओ ना, जब तक फूँक बाकी है."

मामा उठून बाहेर आले. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "उद्या अंबाडीला जायचं. त्यांची मोठी बहीण तिथं दिलेली हाय." मला रजा आहे की नाही हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

अंबाडीच्या आपा नव्वदीला टेकलेल्या, पण आवाज खणखणीत. बोलणं निम्मं मराठी, निम्मं हिंदी. "बकरीद का तीसरा दिन था," त्या लगेच म्हणाल्या. "घरात पाव्हणे होते. अम्मी चुलीपासून उठली ती थेट आतच गेली." मामांचा चेहरा उजळला. साल कोणतं, असं त्यांनी विचारलं. आपा म्हणाल्या, "घरात लाइट आली ना, तेच साल." मामांनी लिहून घ्यायला पेन काढलं. आपा पुढे म्हणाल्या, "नाय तर त्याच्या आधीचं. नाय तर नंतरचं असेल. पण बकरीद का तीसरा दिन, ये पक्का." मामांनी पेन पुन्हा खिशाला लावलं.

लाइट आल्याचं साल चाचांच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ होतं. मशिदीतल्या मौलानांनी हिशेब करून दिला. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते, तेव्हा तीन सालांच्या तीन तारखा निघाल्या, एकाच महिन्यात येणाऱ्या, आणि तो महिना तोंडावर आलेला. वर मौलाना म्हणाले, "और चाँद का क्या है, एक दिन इधर-उधर हो सकता है." मामा घरी येऊन तीन तारखांचा कागद समोर ठेवून बसले. दोन तारखा म्हणजे एकही नाही, मग तीन म्हणजे काय, हे त्यांना सुटेना. दोन दिवस ग्रुपवर संदेश आला नाही. घाबरून बायकोने फोन केला, तर मामी म्हणाल्या, बरे आहेत, फक्त बोलत नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी गेलो, तर मामा मला पुरावा कसा अपुरा आहे ते समजावून सांगू लागले. मामी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिन्ही करा की."

"तीन वाढदिवस कुणाचे असतात का?" मामा म्हणाले.

"त्या माणसाचा आजवर एकबी न्हाय झाला. दोन जास्तीचे झाले तर कुणाचं काय जातंय? आन् तुम्ही पुरावा शोधत बसा, तवर त्यो वाट बघत थांबनार हाय का?"

मामांनी कागदाची घडी घातली. मग उठले आणि भिंतीवर ज्या खिळ्याला रोजचा फोटो लागतो, तिथे चाचांचा बँडच्या लाल कोटातला फोटो लावून बघितला. थोडा तिरका होता, तो सरळ केला.

पहिला वाढदिवस मामांच्या घरी झाला. चाचा जिने चढून आले, तीनदा टेकत. बँडची लाल टोपी घालून आले होते. चाचांना काय आवडतं हे मामींनी आधीच विचारून घेतलं होतं. निघाले बोंबीलच. जेवणानंतर चाचांनी क्लॅरनेट काढलं आणि वरातीतलं एक गाणं वाजवलं, मधे मधे थांबून, पण पूर्ण. खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. मामांनी त्या सकाळच्या संदेशात चाचांचा जन्म, गाव आणि गुरू असं सगळं रीतसर लिहिलं होतं. फक्त तारखेच्या पुढे 'बहुधा' असा शब्द होता. मामांनी तो शब्द आयुष्यात पहिल्यांदाच वापरला असावा.

दुसऱ्या तारखेला चाचांना जिना जमला नाही, म्हणून आम्हीच त्यांच्याकडे गेलो. त्या दिवशी दोन ओळी वाजल्या. चाचा म्हणाले, "बाकी अगली बार." त्यांना एकापेक्षा जास्त वाढदिवस असण्याची आता मजा वाटू लागली होती.

तिसरी तारीख शुक्रवारी आली. शुक्रवारी लूमला सुट्टी असते, त्यामुळे गल्लीत एरवी कधी नसते अशी शांतता. चाचा भिंतीला टेकून बसले होते, आवाज जेमतेम ओठांपर्यंत येत होता. मामी डबा घेऊन आल्या होत्या. मामांनी फोनवर काहीतरी लावायला घेतलं, चाचांनी हातानेच नको म्हटलं आणि क्लॅरनेट मागितलं. ते ओठाला लावलं. फुंकर काही गेली नाही. पण बोटं चालू लागली. भोकांवरच्या झाकण्या उघडत होत्या, मिटत होत्या, आणि त्यांची बारीक टकटक तेवढी ऐकू येत होती. घरचे एकमेकांकडे बघू लागले. चाचांच्या सुनेने पदर तोंडाला लावला. मामा मात्र डोळे मिटून, मांडीवर हलका ताल धरून बसले होते, थोरांच्या रेकॉर्डी ऐकताना बसतात तसेच. टकटक मधे एका ठिकाणी थांबली, जरा रेंगाळली, आणि तिथे मामांनी बरोब्बर मान हलवून "वा" म्हटलं. चाचांनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि फार समाधानाने हसले. मग पुढचं वाजवलं. गाणं संपलं तेव्हा क्लॅरनेट मांडीवर ठेवून त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, वाजवून दमलेला माणूस पुसतो तसं.

परत येताना मामी पुढे चालत होत्या. कोपऱ्यावर मामा थांबले. मग म्हणाले, "ओळखलं का जावईबापू, काय होतं ते?"

मी म्हटलं, "मामा, मला नुसती टकटक ऐकू आली."

"पाठवणीचं होतं. मुलगी निघते ना सासरी, तेव्हा वाजवतात ते." मामांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "सगळं वाजवलं त्यांनी. काही ठेवलं न्हाय."

रिक्षा आली. मामी आत बसल्या. मामा थोडा वेळ तसेच त्या गल्लीकडे तोंड करून उभे राहिले, आणि मी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं.